पांढऱ्यात पांढरे

"बर्फ म्हणजे काय, गार वाळूच," बहारीनला गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालत दत्तप्रसादांनी जाहीर केलं. "वाळूत उभं आयुष्य चाललंय आपलं. चार दिवस गार वाळूत काढायला काय होतंय?"

चारुलताबाईंनी नुसती मान हलवली. त्यांचे यजमान बँकेत हिशेब बघायचे. वर्षभर अक्कल वापरून वापरून झिजायची, म्हणून सुट्टीत ती घरीच ठेवून निघायचे. यंदा जॉर्जियाच्या डोंगरात स्कीइंग ठरलं होतं.

चारुलताबाईंचं एक व्रत होतं. मुलगी सावनी तान्ही असताना तापाने फणफणली, तेव्हा त्यांनी सूर्यनारायणाला शब्द दिला होता: रोज तुझं दर्शन घेऊन अर्घ्य दिल्याशिवाय तोंडात घास नाही आणि तोंडातून शब्द नाही. ताप उतरला, व्रत राहिलं. बहारीनमध्ये ते जडही नव्हतं. इथे पार्किंग मिळायला नवस लागतो, पण सूर्य न बोलावता गच्चीवर हजर. वर्षाकाठी थोडे धुळीचे दिवस काय ते अडायचे.

खरेदीला निघाले तो नेमका धुळीचा शुक्रवार. सकाळ सरत आली तरी आभाळ मळक्या पायपुसण्यासारखं. चारुलताबाई उपाशी आणि मुक्या.

हूऱ्यातल्या खेळसामानाच्या दुकानाचे मालक नझीरभाई मूळचे रत्नागिरीचे. बर्फ त्यांनी फ्रीजबाहेर पाहिला नव्हता, पण त्याने त्यांचा सल्ला अडत नसे.

"सूट पांढरेच द्या," दत्तप्रसाद म्हणाले. "इथले लोक काय उगाच पांढरं घालतात? ऊन लागत नाही."

"अगदी बरोबर, दत्ताभाऊ. सेलमध्ये पांढरेच उरलेत."

"आणि गॉगल सगळ्यात काळा. बर्फावरून ऊन उलटं डोळ्यांत मारतं."

"डोळे जातात," नझीरभाईंनी भर घातली. "डोंगरावर गॉगल अजिबात काढू नका."

चारुलताबाईंनी पिवळ्या काचेचा गॉगल उचलून दाखवला. त्याच्या खोक्यावर ढगांचं चित्र होतं.

"हळदीकुंकवाला घालायचाय का?" दत्तप्रसाद हसले.

चारुलताबाईंनी भिंतीवरच्या लाल जॅकेटकडे बोट केलं. मग पुन्हा केलं.

"लाल? या वयात?"

"वहिनी काही बोलत नाहीत, म्हणजे पांढरंच पसंत आहे," नझीरभाईंनी निकाल दिला.

"घरात एकमत असलं की खरेदी कशी पटकन उरकते बघा. यल्ला, चला, बिल करा."

सावनीने सूट पाहिला, "नो वे, बाबा," म्हणाली आणि मैत्रिणीचा केशरी सूट मागून आणला. दुपारी धूळ बसली, सूर्य दिसला. पण सेलचा माल परत होत नाही, आणि होऊन गेलेल्या गोष्टीवर बोलायचा चारुलताबाईंना अलीकडे फार कंटाळा यायचा.

जॉर्जियात पहिल्याच सकाळी डोंगरावर ढग बसला होता, तोही पाहुण्यासारखा, उठायचं नाव न घेता. हॉटेलातला नाश्ता दत्तप्रसादांनी बायकोच्या वाटचाही केला. चारुलताबाईंनी पाण्याची बाटली आणि अर्घ्याचा तांब्या पिशवीत टाकला. कुठे फट पडली तर हाताशी असावा.

सावनीला खाली शिकाऊ लोकांच्या वर्गात सोडून दत्तप्रसाद म्हणाले, "आपण लिफ्टने वर जाऊ. ढगाच्या वर ऊन असणारच. तुझं दर्शन होईल, चहाही मिळेल."

चहाच्या नावाने चारुलताबाई पाळण्यात बसल्या. पाळणा ढगाच्या पोटात गेला आणि लिफ्ट तिथेच संपली.

वर बर्फ पांढरा, हवा पांढरी, नवराही पांढरा. दत्तप्रसादांना तर काळ्या काचेतून दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. ते एकदा घसरले, बसले, उठले आणि भलत्याच दिशेला तोंड करून उभे राहिले.

"चारू, कुठे आहेस?"

त्या अगदी पाठीशी होत्या. समोर जाऊन त्यांनी दोन्ही हात हलवले. दत्तप्रसादांनी त्यांच्या आरपार पाहिलं.

"अगं, बोल काहीतरी."

'इथेच आहे' हे शब्द ओठांपर्यंत आले. पण ते तापलेलं तान्हं कपाळ हाताला आठवलं आणि ओठ मिटले. त्या बाही धरायला गेल्या, तर पायाला बांधलेल्या स्कीच्या पट्ट्या सटकल्या आणि त्या बाजूच्या भुसभुशीत ढिगात जाऊन रुतल्या.

हाका लांब जायला लागल्या. चारुलताबाईंनी पिशवीतून तांब्या काढला आणि स्कीच्या काठीने बडवायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्.

"खाली जेवणाची घंटा झाली वाटतं," ढगातून आवाज आला. "पुढे गेलीस होय? सांगून जायचं ना." आणि तो आवाजही उतरणीला लागला.

घंटा ऐकून आली ती बचाव पथकातली एक दणकट बाई. तिने इंग्रजीत नाव विचारलं, दुखतंय का विचारलं. उत्तर नाही. मग तिने विचारलं, "हसबंड?"

चारुलताबाईंनी आभाळाकडे बोट दाखवलं. सूर्य दिसला की सांगते, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

त्या बाईने टोपी काढली, छातीवर क्रूस केला आणि त्यांना मिठी मारली. चारुलताबाईंनी जोरजोरात मान हलवली, तशी मिठी आणखी घट्ट झाली. मग त्यांना चंदेरी कागदात पुरणपोळीसारखं गुंडाळून, घसरगाडीला बांधून खाली दवाखान्यात आणलं. गरम सूप पुढे आलं, त्यांनी हात जोडून बाजूला सारलं. दुःखाने अन्न जात नाही बिचारीला, असं सगळ्यांच्या तोंडावर उमटलं. यजमानांना शोधायला स्ट्रेचर घेऊन माणसं निघालीसुद्धा.

त्यांच्याच मधून वाट काढत, काळा गॉगल लावलेले दत्तप्रसाद भिंत चाचपत आत आले. "जेवण इथेच आहे का?"

"बाबा, दॅट्स अ क्लिनिक," मागोमाग सावनी आली. त्या बाईला तिने सगळं समजावलं. आई मुकी नाही, बाबा मेले नाहीत, फक्त सूर्य पाहिजे.

बाईने खिडकीबाहेर पाहिलं. "टुमॉरो," ती म्हणाली. "मे बी."

चारुलताबाईंनी डोळे मिटले. उद्यापर्यंतही थांबल्या असत्या. पण थोड्या वेळाने काचेवर उजेड आला. करपलेल्या पापडाला भोक पडावं तसा ढग फाटला होता. त्या उठल्या, कागद सळसळवत दारात गेल्या, तांब्यात पाणी घेतलं आणि बर्फावर अर्घ्य सोडलं. काय चाललंय ते न कळूनही त्या बाईने हात जोडले.

"बोल, चारू," दत्तप्रसाद जवळ येत म्हणाले. "किती घाबरली असशील."

चारुलताबाईंनी तांब्या पुसला. पोचा आला होता. तो पिशवीत ठेवून त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी दुकानात मी लाल दाखवत होते."

दत्तप्रसादांनी गॉगल कपाळावर चढवला आणि डोळे मिचकावत बायकोकडे पाहिलं. "मग तेव्हाच बोलायचं ना."

आता बोलायला मुभा होती. बोलण्यासारखंही पुष्कळ होतं. पण सूर्य पुन्हा ढगात चालला होता आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं.

"चहा सांगा," त्या म्हणाल्या.