एक पूर्णांक चार दशांश ओळी

मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात कंत्राटावर शिकवणाऱ्या डोरिस टॉलेफसन यांना गुरुवारी वर्गात एक कविता शिकवायची होती. कविता चौदा ओळींची. त्या तासाला डीन मागच्या बाकावर बसणार होते आणि तास रंगला नाही तर डोरिसबाईंची नोकरी जाणार होती. म्हणून त्यांनी पंधरा दिवस आधीच कॉपीराइट अधिकारी वॉरेन पेल्की यांच्याकडे रीतसर अर्ज केला. इथेच त्या चुकल्या.

"शिकवण्यासाठी कायद्यात सवलत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की! वाजवी वापर," वॉरेनसाहेब म्हणाले. "हेतू काय, कृती कसली, घेतलं किती आणि लेखकाच्या विक्रीला धक्का बसतो का, हे बघायचं. पण त्यासाठी विचार करावा लागतो, बाई, आणि तो आमच्या समितीच्या कार्यकक्षेत येत नाही. म्हणून आम्ही सरसकट दहा टक्के ठरवलेत."

"कायद्यात दहा टक्के कुठे लिहिलेत?"

"कुठेच नाही. म्हणून तर आम्हाला लिहावे लागले."

चौदाचे दहा टक्के म्हणजे एक पूर्णांक चार दशांश ओळी. दुसऱ्या ओळीत पाच शब्द होते, त्यातले दोन मंजूर झाले. शिक्का मारून मिळालेला मजकूर असा: 'नदी गोठली तेव्हा आईने दार उघडलं, आणि बाहेर'.

डोरिसबाईंनी कपाळाला हात लावला आणि थेट कवयित्रीलाच फोन केला. एक्क्याऐंशी वर्षांच्या एडना ब्रेक्के दोन गल्ल्या पलीकडेच राहत होत्या.

"सगळी शिकव गं पोरी! चाळीस वर्षांत कुणी विचारलंसुद्धा नाही. थांब, मीच येते म्हणायला."

हे कळल्यावर वॉरेनसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. "हक्क प्रकाशकाकडे आहेत."

"अहो, तो धंदा वीस वर्षांपूर्वीच बंद पडला!" डोरिसबाई म्हणाल्या.

"मग त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबू."

गुरुवारी एडनाबाई वर्गात उभ्या राहिल्या. त्या "आणि बाहेर" म्हणाल्या मात्र, दारातून वॉरेनसाहेबांचा हात वर झाला. "मर्यादा संपली."

"अरे, कविता माझी आहे!"

"हो, पण शब्द संपलेत. हवं तर हवापाण्याबद्दल बोला."

वर्गात एकच गलका झाला. बाहेर कोण? बाप? पोलीस? अस्वल? एरवी फोनमधून मान वर न काढणारी पोरं हमरीतुमरीवर आली. डीन इतके खूश झाले की डोरिसबाईंचं कंत्राट त्यांनी तिथल्या तिथे वाढवलं आणि पुढच्या सत्रापासून सगळेच विषय दहा टक्के शिकवण्याचा आदेश काढला. परिचारिका विभागाने हरकत घेतली. ती दहा टक्के मान्य झाली.

तास संपल्यावर पोरांनी एडनाबाईंना पार्किंगमध्ये गाठलं. बर्फात उभं राहून बाईंनी अख्खी कविता म्हटली, पोरांनी उतरवून घेतली. बाहेर घोडा होता. संध्याकाळपर्यंत कविता गावभर फोनवरून फिरली, वॉरेनसाहेबांनीही डोळे पुसत पुढे पाठवली. चौदाच्या चौदा ओळी होत्या, खाली गुलाबाचं फूलही होतं. नाव तेवढं वाटेत गळालं होतं. एडनाबाईंना ती त्यांच्या नातीनेच पाठवली: 'आजी, बघ किती सुंदर! कुणाची आहे कोण जाणे.'

तुम्हालाही आली असेलच. तुम्हीही ती पुढे पाठवलीत. आणि कुणीतरी "वा, काय सुंदर लिहिता हो तुम्ही!" असं कळवल्यावर तुम्ही नुसते हात जोडलेत.