मोतीरामकाकांचं चौकशी खातं

शेजारचे मोतीरामकाका चहाला यायचे असले की फाटकातूनच पुकारतात, "काटोल-नागपूर गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे." फलाट क्रमांक एक म्हणजे माझ्या व्हरांड्यातली खुर्ची. काकांनी सारी नोकरी काटोलच्या बस स्टँडवर घोषणा करण्यात काढली. निवृत्त झाले, पण माइक काही घशातून निघाला नाही. रोज सकाळी फोनवरही त्यांची घोषणा यायची, "सुप्रभात, काका वेळेवर उठलेले आहेत." मी न वाचताच पुढे सरकायची.

माझं घरगुती वाळवणांचं दुकान आहे, ऑनलाइन. कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या. मी एकटी, लेक पुण्याला. ऑर्डर बघा, साठा बघा, कुरिअरवाल्याला सांगा, गिऱ्हाइकाला कळवा. बाप्पा, वड्या घालू की मोबाईल धरू? एकदा अमरावतीच्या कुरड्या अकोल्याला गेल्या आणि मी काकांसमोर रडायलाच बसले.

"काहून रडून राहिली वं? स्टँडवर असते तसा कंट्रोलर ठेव ना एखादा!"

मग तेच कंट्रोलर झाले. काका व्हिडिओ पाहून पाहून शिकले. लॅपटॉपवर चौकोनी डबे मांडायचे आणि रेघांनी जोडायचे, कोडबिड काही लिहायचं नाही. "हा डबा ऑर्डरचा, हा साठ्याचा, हा कुरिअरचा. एक गाडी लागली का दुसरी आपसूक सुटते." मी फक्त पार्सल भरून फोनवर एक खूण करायची. माझ्या जिवात जीव आला.

गिऱ्हाइकांना जाणारे मेसेज मात्र काकांचे. "कृपया लक्ष द्या. आपले सरगुंडे कोंढाळी, तळेगाव मार्गे अमरावतीस निघाले आहेत. घरी राहावे." लेक पुण्याहून ओरडली, "आई, हे काय गं!" पण गिऱ्हाइकं खूश. एका बाईंनी विचारलं, "तळेगावला चहाला थांबतात का?" काकांनी गंभीरपणे उत्तर पाठवलं, "दहा मिनिटे."

आणि पोचल्याचं कळेपर्यंत त्यांना चैन नसे. "गाडी सुटली हे सारेच सांगतात वं. पोचली का नाई, ते कोन पायते?" मी भाजी आणायला गेले तरी परत आल्याचं सांगावं लागे. खरं सांगते, वीट यायचा.

मागच्या पावसाळ्यात मला ताप होता. सकाळी चक्कर आली आणि मी स्वयंपाकघरातच पडले. उठता येईना, आवाज निघेना. वर ओट्यावर फोन टिंगटिंग वाजत होता. ऑर्डरी येत होत्या, मेसेज आपोआप जात होते. दुकान मजेत चालू आणि मालकीण फरशीवर! कोणाला कळणार, या विचारानं मी गारठले.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. दुसरी किल्ली काकांकडेच असते. त्या दिवशी काका पहिल्यांदाच घोषणा न करता आले.

दवाखान्यात मी विचारलं, "काका, कळलं कसं?"

"तुह्या दुकानात एक डबा जास्तीचा जोडला होता. सकाळी पार्सलाची खूण नाई झाली, तर मले फोन येते."

"पण काहून?"

काकांनी सलाईनची नळी सरळ केली. "शशी, तुही काकू, गेली तवा मी स्टँडवर होतो. ती सकाळपासून घरी पडून होती. दिवसभर साऱ्या गाड्यायची चौकशी केली म्या. घरी एक फोन नाई केला."

मी त्यांचा हात धरून रडले. आज मी आहे ती या माणसामुळे, आणि मी त्यांच्या चौकशीला विटले होते.

बरी झाल्यावर मी काकांकडून डबे जोडायला शिकले. त्यांना न सांगता एकच जोडला: त्यांचं सुप्रभात आलं नाही, तर माझा फोन वाजतो.

परवा वाजला. माझ्याकडची त्यांची किल्ली घेऊन मी अनवाणी धावले. काका आरशासमोर, गालांना दाढीचा फेस.

"काय झालं वं?"

"सुप्रभात आलं नाही."

"नेटचा पॅक संपला न. पन तुले कोनं सांगतलं?"

"गाडी पोचली नाही, म्हणून चौकशीला आले."

काकांनी वस्तरा खाली ठेवला. मग फेसातूनच हळू म्हणाले, "चहा मांड वं. येतो मी."