विचारल्याशिवाय फोटो नाही

आमचे सोपानतात्या झाडालासुद्धा विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढत नसत. "काढू का?" म्हणायचे, जरा थांबायचे, आणि स्वतःच मान डोलावून बटण दाबायचे. एकदा इंदापुरात शेजारच्या म्हशीनं ऐन वेळी तोंड फिरवलं, तर त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. "तिची इच्छा न्हाय," म्हणाले.

लोणी देवकरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो आणि राहायलाही एकाच आळीत. एका मे महिन्यात दत्तूची जीप ठरवून आम्ही कोकणात, समुद्राकाठच्या अभयारण्यात गेलो. तात्यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पाहिल्याबरोबर त्यांनी चपला काढल्या. वाळू अशी तापलेली, की ते या पायावरून त्या पायावर नाचत होते, पण चपला काही घालेनात.

"काढा की फोटो," दत्तू म्हणाला.

"थांब की. येवढा मोठा हाय, आदी वळख तर हू दे."

ओळख झाली आणि मग तात्या थांबेचनात. लाट आली की विचारायचे, गेली की विचारायचे.

दुपारी एका वनरक्षकानं आम्हाला जंगलात नेलं. शर्ट घामानं पाठीला चिकटले होते. एका उंच झाडावर त्यानं शेकरू दाखवलं. खारीसारखंच, पण मांजराएवढं, तांबूस, झुपकेदार शेपटीचं.

"पटकन काढा, रोज दिसत नाही."

तात्यांनी वर बघून अदबीनं विचारलं, "काढू का राव?"

शेकरू उडी मारून पानांआड गेलं. तात्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"अहो, जनावर आहे ते," वनरक्षक म्हणाला.

"असू द्या की. लाजत आसंल."

मग ते झाडाखाली बसूनच राहिले. ऊन कललं. फाटक बंद व्हायची वेळ झाली, तसा दत्तू हॉर्न वाजवू लागला. मीही वैतागलो होतो. तेवढ्यात शेकरू बाहेर आलं आणि शेपूट खाली सोडून उघड्या फांदीवर ऐटीत बसलं. तात्यांनी पुन्हा विचारलं, मान डोलावली, बटण दाबलं. कॅमेरा गप्प. सगळा रोल समुद्रानं खाल्ला होता.

मला वाटलं, आता हा माणूस रडणार. तात्या खो खो हसले. "ते व्हय म्हनलं, आन आमीच न्हाय म्हनलो!" त्यांनी शेकराला हात जोडले आणि जीपमध्ये येऊन बसले.

फोटो धुऊन आले ते तात्या थेट आमच्या घरी घेऊन आले. माझ्या आईनंही कधी समुद्र पाहिला नव्हता. तात्यांनी तिला एकेक लाट समजावून सांगितली. शेकराची उडी हातवारे करून दाखवली.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, तेच फोटो घेऊन. त्याच्या पुढच्याही रविवारी आले. मी आत जाऊन कुरकुरलो, तर आई हळूच म्हणाली, "बायको गेली, लेक नांदाय गेली. एकल्या मानसानं घरी फोटो दावायचं कुनाला?"

ती बाहेर आली, तात्यांच्या समोर बसली. फोटो हातात घेऊन नवलानं म्हणाली, "सोपानराव, पानी खरंच खारट आसतंय का वो?"

"सांगतो की, वैनी," म्हणत तात्यांनी मांडी घातली.