पेंटरआप्पांचा ळ

या, अशा जवळ येऊन बसा. आणि आधी माझी चार बोलणी खा. स्टँडवरून इथवर चालत आलात, वाटेत पंचवीस दुकानांच्या पाट्या वाचल्यात, आणि एकाही पाटीचा ळ बघितला नाहीत ना? मग काय उपयोग त्या डोळ्यांचा? वाचता काय, कुणालाही येतं.

रागावू नका. हे बोलणं माझं नाही, आमच्या पेंटरआप्पांचं आहे. इतकी वर्षं शेजारी राहून मलाही लागण झाली. आप्पा माणसाची पारख ळवरून करतात. नवा पेंटर भेटला, शाळामास्तर भेटला, तलाठी भेटला, की खिशातून कागद काढून म्हणणार, "आधी ळ दाखवा." समोरचा गोंधळून ळ काढतो. आप्पा कागद उभा धरतात, आडवा धरतात आणि निकाल देतात. "हात बरा हाय, पर मन घाईत हाय." एका तलाठ्याला तोंडावर म्हणाले होते, "साहेब, ह्यो ळ न्हाई, ही जिलबी हाय." त्या तलाठ्यानं पुढं माझा उतारा द्यायला किती चकरा मारायला लावल्या, ते मलाच माहीत.

आप्पा मूळचे दौंडचे. स्टेशनापाशी दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांचा हात बसला. दौंड का सोडलं, असं मी एकदा विचारलं.

"काय करायचं अक्का, गावाच्या नावात ळ न्हाई."

"मग शिरूरच्या नावात कुठं आहे?"

"ते हितं आल्यावर ध्यानात आलं."

लग्नाचीही तीच तऱ्हा. दोन स्थळं सांगून आली होती, एक शांता आणि दुसरी मांडवगण फराट्याची मंजुळा. मंजुळावहिनी हसून सांगायच्या, "ह्या मानसानं आमची तोंडं न्हाई बघितली बाई. दोघींची नावं कागदावर काढली, आन् मला व्हय म्हनला." आणि गंमत बघा, ज्या अक्षरापायी त्या या घरात आल्या, ते त्यांना वाचता येत नव्हतं. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं त्यांनी. म्हणजे बघितलं होतं, पण बाहेरून. गावातल्या शाळेच्या दारावरून रोज शेळ्या घेऊन जायच्या.

आप्पांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या पाटीमुळं. रांजणगावला कंपन्या आल्या, लांबलांबची पोरं इथं खोल्या करून राहायला लागली, आणि मी डबे सुरू केले. म्हटलं, पाटी लावावी. 'घरगुती खानावळ'. आप्पांनी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळी अक्षरं काढली आणि शेवटच्या अक्षरापाशी ब्रश ठेवला.

"आज हात न्हाई."

दुसऱ्या दिवशीही हात नव्हता. दोन दिवस माझ्या दारावर 'घरगुती खानाव' एवढंच होतं. पोरं विचारायची, "मौसी, ये खानाव क्या होता है?" तिसऱ्या दिवशी आप्पा सकाळी आंघोळ करून, विहारात जाऊन, पांढरा शर्ट घालून आले आणि एका दमात ळ काढला. काय सांगू, असा ळ की त्याला वाढून द्यावंसं वाटलं.

त्यातून नवाच त्रास सुरू झाला. जेवायला येणारा यादव म्हणून एक पोरगा होता, तो म्हणायचा 'खानावल'. आप्पांनी त्याला दारातच अडवला. "पयले बोलो खानावळ."

"खानावल."

"जीभ मागं घे. मागं. टाळ्याला लाव."

"खाना... वल्ल."

"अहो, जेवू द्या त्याला!" मी आतून ओरडले. "भाकरी गार होतेय!"

"भाकरी तापवता यील अक्का. जीभ एकदा वळली की वळली."

यादवची जीभ काही वळली नाही, पण तो आप्पांचा भक्त झाला. 

पुढं फ्लेक्स आले. कॉम्प्युटरवर करायचं आणि छापून टांगायचं. तालुक्यातले ब्रशवाले एकेक करून घरी बसले. आप्पा नाही बसले. त्यांनी कॉम्प्युटर घेतला, शिकले, आणि तिथंही भांडण काढलं. म्हणाले, "ह्यातला ळ बघा अक्का. दोन शेंगदाणे चिकटवल्यावानी." मग कुणीतरी सांगितलं, की हातानं काढलेलं थेट कॉम्प्युटरवर उमटवणारी एक वस्तू मिळते. आप्पा पुण्याहून ती वापरलेली घेऊन आले. काळसर, सपाट, पाटीएवढी. सोबत एक पेन, त्यात शाई नाही. पाटीवर पेन फिरवलं, की पाटीवर काहीच दिसत नाही, समोर पडद्यावर उमटतं. तिला लोक टॅबलेट म्हणतात. आप्पा म्हणाले, "गोळी कशाला म्हनायचं? पाटी हाय ही." तेव्हापासून ती पाटीच.

सुरुवातीला फार हसले मी. आप्पा एक रेघ ओढायचे आणि पेनाचं टोक विजारीला पुसायचे. रंग नाही, काही नाही, तरी पुसायचे. आणि कुणी पाटीच्या बाजूनं गेलं, की हात आडवा धरायचे, "ओलं हाय!"

पण हात बसला. लग्नाचे, जत्रेचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स आप्पांच्या अक्षरात झळकायला लागले. मंजुळावहिनींना दमा होता. शेवटचं वर्षभर त्या घरातच असायच्या, आप्पा काम करायचे त्या खोलीत, खाटेवर. मग त्या गेल्या. दहा-बारा दिवसांनी आप्पा पुन्हा कामाला बसले.

त्यानंतरची एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. आप्पांच्या अक्षरात बारीक हिसका यायला लागला. सरळ जाणारी रेघ मध्येच एका जागी अडखळायची, जशी एसटी गतिरोधकावर उडते तशी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हिसका, किराणा दुकानाच्या पाटीवर हिसका. मी चिडवलं, "आप्पा, हात म्हातारा झाला."

"हात न्हाई, पाटी म्हातारी झाली," एवढंच म्हणाले.

"मग बदला की."

"बघू."

बघू बघू करत दोन वर्षं गेली. मग कॉम्प्युटरच बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, "आप्पा, हा संपला. नवा घ्या. पण तुमच्या या पाटीची वायर लावायला नव्यात जागाच नाही. पाटीही नवी घ्यावी लागेल." आणि नेमकं त्याच आठवड्यात मांडवगण फराट्याहून काम आलं. शाळेची नवी इमारत झाली होती, तिची मोठी पाटी करायची होती, शाळा भरायच्या आत. वहिनींच्या गावची शाळा. आप्पांनी निरोप घेऊन आलेल्या मास्तरांना ळसुद्धा दाखवायला सांगितला नाही. नुसते "करतो" म्हणाले. तेव्हाच मी ओळखलं, की हे काम हुकलं तर आप्पा परत कशाला हात लावायचे नाहीत.

पाटीचा शोध सुरू झाला. यादव म्हणाला, "आप्पा, मैं लाता हूँ." तो सणसवाडीला जाणार होता. आप्पांनी बजावून सांगितलं, "मोठी नको, मध्यम आन. काळी चालंल." संध्याकाळी यादव मोटारसायकलवर काय बांधून आणतो? माती वाहायची लोखंडी पाटी! त्याचं मराठी सगळं बांधकामावर शिकलेलं, त्याला पाटी म्हणजे तीच ठाऊक. आप्पांनी ती उलटी केली, बोटानं वाजवली आणि गंभीरपणे म्हणाले, "मजबूत हाय." त्या पाटीत मी आता कांदे ठेवते.

मग मीच म्हटलं, चला पुण्याला, मी येते. आप्पांनी जुनी पाटी बरोबर घेतली, 'अशी पायजे' म्हणून दाखवायला. दुकान मोठं, गारेगार. तिथल्या पोरानं हौसेनं एकेक पाटी काढली. आप्पांनी पहिलीवर ळ काढला, पेन विजारीला पुसलं आणि मान हलवली. दुसरीवर काढला. तिसरीवर काढला.

"काय खटकतंय काका?" पोरगा म्हणाला. "हलकं दाबलं की बारीक रेघ येते, जोरात दाबलं की जाड. एकदम स्मूथ आहे."

"त्येच तर. लई गुळगुळीत हाय. पेन कुठं अडतच न्हाई."

"अडू नये म्हणूनच लोक नवी घेतात ना!"

"मला जरा अडखळ पायजे," आप्पा म्हणाले. "अडखळवाली हाय का?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मला इतकी लाज वाटली म्हणता! पाच पाट्या झाल्या, पाच ळ झाले, आणि आप्पा जुनी पाटी छातीशी धरून दुकानाबाहेर पडले. मी एसटीत बसेपर्यंत बोलत होते. "शाळेची पाटी काय आता खडूनं लिहिणार? अडखळ पाहिजे म्हणे! उद्या भाकरीत खडे मागाल!" आप्पांनी मला खिडकी दिली, पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

वाघोली मागं पडली. ऊन कलून खिडकीतून आत आलं आणि मांडीवरच्या पाटीवर तिरपं पडलं. तेव्हा दिसलं. एरवी इतकी वर्षं ती पाटी बघितली होती, पण सरळ, दिव्याखाली. आज त्या काळ्या पत्र्यावर खाचा दिसल्या. रेघोट्या नव्हेत, अक्षरं. जणू कुणी सुईनं कोरलेली. बोट फिरवलं तर बोटाला लागली. मं. जु. आणि मग ळा. तो ळ कसा, तर एक वाटी मोठी, एक बारकी, आणि सगळा एका अंगाला कललेला. आप्पांनी कुणाचाही असा ळ टिकू दिला नसता.

"आप्पा," मी म्हटलं. "हे वहिनींचं?"

डोळे मिटलेलेच होते, पण झोप नव्हती.

"शेवटच्या वर्षी म्हनली, मला माझं नाव येऊ द्या. खडूची पाटी आनली, तर भुकटीनं दम उसळायचा. मग ही दिली. भुकटी न्हाई, काई न्हाई. दोन चिकटपट्ट्या लावून वळ आखून दिली. रोज त्याच जागी लिवायची." हात पुढं करून त्यांनी पाटीवरून अंगठा फिरवला. "हात भाकरीचा तिचा. हलकं दाबायचं म्हंजी काय, तिला ठाव न्हवतं. तीन पेनांची टोकं झिजवली."

"आणि ळ?"

"ळ काय सरळ येईना. मलाच म्हनायची, तुमचा ळ, तुमी बसवा."

"मग दुरुस्त का नाही केला? साऱ्या तालुक्याचा करता!"

आप्पांनी डोळे उघडले आणि बाहेर बघितलं. "बरा हुता की," म्हणाले.

शिक्रापूर गेलं, रांजणगाव आलं, कंपनीची सुटलेली माणसं चढली. उभ्या गर्दीत आप्पा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आपल्या दाराला पाटी न्हाई, म्हनून तुमी मला हसता ना अक्का. गावभर पाट्या, पेंटरच्या दारी कोरं. तिनंच सांगितलं हुतं. माझा ळ सरळ आला की लावा, तवर नको."

मी पाटी दोन्ही हातांनी धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा एकटेच पुण्याला गेले आणि त्या पाचांतली एक पाटी घेऊन आले. फार गुळगुळीत म्हणून तिच्यावर जाड कागद चिकटवला. तीन दिवसांत शाळेची पाटी झाली. ती लावायच्या दिवशी मीही मांडवगणला गेले. लांबूनच बघितलं, 'शाळा'तला ळ भरदार, अगदी माझ्या खानावळीसारखा. जवळ गेले, तर दुसऱ्या वाटीपाशी बारीक हिसका.

"आप्पा," मी हळूच म्हटलं, "आता तर पाटी नवी आहे. मग हा हिसका कुठनं आला?"

"नवी हाय ना," आप्पा विजारीला हात पुसत म्हणाले, "बसंल हळूहळू. तवर देनारच हिसके."

त्याला आता दोन-तीन वर्षं झाली. अजून काही बसलेली नाही.

आणि जुनी पाटी? मांडवगणहून घरी परतलो त्याच संध्याकाळी आप्पांनी तिची वायर कापली, कडेला चार भोकं पाडली आणि चार स्क्रूंनी ती दाराच्या चौकटीवर बसवली. रंग नाही, नाव घातलं नाही, वर एक रेघसुद्धा ओढली नाही. पोस्टमन दर वेळी विचारतो, "आप्पा, पाटी कोरी का?" आप्पा म्हणतात, "सकाळचं येऊ नगा."

तेव्हा आता मनावर घ्या, आणि लवकर एकदा सवडीनं या. आजच्यासारखं भर दुपारी नको, दुपारी काळा पत्रा दिसेल तुम्हाला. उन्हं कलायच्या बेताला या. आप्पांचं दार पश्चिमेला आहे. माझ्याकडं जेवून मग तिथं जाऊ. आप्पा तुम्हाला ळ काढायला लावतील, घाबरू नका, कसाही काढा. मग दारातून बाहेर पडताना जरा बाजूला सरून उभ्या राहा, ऊन अडवू नका, आणि पाटी वाचा.