सबनीसकाकांची शेपूट-तपासणी

आमच्या वासणा भागातल्या सोसायटीत कुणाकडे नवा कॉम्प्युटर आला की त्याची बातमी सबनीसकाकांना कुरियरवाल्याच्याही आधी लागते. ते येतात, चपला काढतात, पाणी नको म्हणतात आणि खुर्ची पुढे ओढून विचारतात, "शेपटं कुठली कुठली आहेत?"

शेपूट म्हणजे फायलीच्या नावामागे टिंब देऊन लावलेली दोन-चार अक्षरं. फोटोचं जेपीजी, बिलाचं पीडीएफ, अर्जाचं डॉक. काका एका कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झाले. त्यांच्या काळात तिथून वायसरसुद्धा नोंदीशिवाय बाहेर गेला नाही म्हणे. काका निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्या कारखान्यात किती पेढे वाटले गेले असतील, याचा मी नेहमी विचार करतो. हल्ली त्यांनी सोसायटीतल्या अठ्ठावीस घरांचे बॅकअप अंगावर घेतले आहेत. कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी माझी पाळी आली. मी शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या कॉम्प्युटरमधलं सगळं उद्या नाहीसं झालं तर नववीच्या वर्गात दिवाळी साजरी होईल. पण काकांनी बॅकअपचं सॉफ्टवेअर उघडलं. कुठल्या प्रकारच्या फायली जपायच्या याची यादी आली आणि प्रत्येक प्रकारासमोर एक चौकोन. काकांनी चष्मा पुसला. माझा रविवार संपला होता.

"हे एक्सएलएस कसलं?"

"मुलांचे मार्क."

"घेऊ. आणि हे?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे? तुझ्याच घरात राहतंय ने?"

"काका, सगळंच घ्या. विषय संपला."

"असं नाही फावत, मिलिंद. सगळं घेतलं की डिस्क भरते, मग तू वैतागून बॅकअपच बंद करणार. एकेकाला विचारून घ्यायचं."

अडीच तासांत दोन चहा झाले, वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून भांडी आपटून दोन इशारे दिले. यादीच्या तळाशी 'इतर' असा एक प्रकार होता. काकांनी तोही उघडला आणि आतल्या एकेका अनोळखी शेपटाची चौकशी सुरू केली. आता मात्र माझा तोल गेला.

"अहो काका, 'इतर'मध्ये कचराच असतो! नाही घेतला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

काकांनी माऊसवरचा हात काढला.

"मीही हेच म्हणालो होतो," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणला. "वैशालीकडे एक मोरपंखी ब्लाउज आहे. बाहीवर कमळं आहेत. दोन दिवस देईल का?"

सत्तरीचे गृहस्थ माझ्या बायकोचा ब्लाउज मागत होते. तशी कुणकुण मला होती. काका मांडवीत कुणाकडे जुनी चणियाचोळी मागायला गेले होते आणि पादरा गावच्या एका बाईंनी "काका, मारो ब्लाउज तमारे शुं काम जोईए?", माझा ब्लाउज तुम्हाला कशाला हवा, असं गुजरातीत विचारून दार लावून घेतलं होतं, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. मीच ते गच्चीवरच्या मीटिंगमध्ये साभिनय सांगून टाळ्या घेतल्या होत्या.

"त्यावरचं भरतकाम हिचं आहे, तुझ्या काकूचं," काका म्हणाले.

काकूंकडे कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन होतं, हे मी विसरूनच गेलो होतो. फुलं, वेली, मोर, सगळं त्या स्वतः स्क्रीनवर रेखायच्या, टाका न् टाका. नवरात्राआधी दोन महिने त्यांच्या दारात बायकांची रांग असायची. दोन वर्षांपूर्वी त्यांची हार्ड डिस्क गेली. काका मुळीच घाबरले नाहीत. दर रविवारी बॅकअप होत होता, दर रविवारी हिरवी खूण येत होती. त्यांनी ऐटीत सगळं परत आणलं. विजेची बिलं आली, ओळखीपाळखीच्यांचे सुप्रभातवाले फोटो आले, काकांच्या साखरेचे रिपोर्ट आले. डिझाइन एकही आलं नाही. मशीनच्या फायलींचं शेपूट वेगळं असतं, ते 'इतर'मध्ये पडतं, आणि 'इतर'समोरची खूण काकांनी स्वतःच्या हाताने काढली होती.

"ओरडली असती तर बरं झालं असतं रे," काका म्हणाले. "'असू दे' म्हणाली आणि मशीनवर चादर घातली. पुन्हा हात लावला नाही. म्हणून मी जुने कपडे गोळा करतो. भिंगातून टाके मोजतो आणि परत रेखतो. एकवीस झाली. तिला अजून सांगितलं नाही."

मला माझी लाज वाटली. गच्चीवरच्या टाळ्यांची तर फारच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, काकू भजनाला गेल्यावर, आम्ही दोघं नवरा-बायको ब्लाउज घेऊन त्यांच्या घरी गेलो. काका स्क्रीनवर कमळ रेखत होते आणि वैशाली बाहीवरचे टाके मोजून सांगत होती. कमळ कसलं, कोबीच दिसत होता तो. मी तसं बोलून दाखवणार, एवढ्यात लॅच उघडल्याचा आवाज आला. भजनाची पेटीवाली आजारी होती, काकू लवकर परतल्या होत्या.

काका खुर्चीतच गोठले. काकूंनी ब्लाउज पाहिला, भिंग पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. काकांच्या हातातून माऊस घेऊन त्यांनी उघडलेल्या फायलींची यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. मोर, वेल, आंबा, पुन्हा मोर. एकवीसच्या एकवीस पाहिल्या. काकांची मान खाली गेली होती.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो. वाईट झालंय, माहितेय मला."

"फारच वाईट," काकू म्हणाल्या. पदराने त्यांनी डोळे पुसले, मग चष्मा पुसला. "पाकळी अशी बाहेरून आत भरतात का कधी? उठा. बसू द्या मला."

काका इतक्या घाईने उठले की खुर्ची मागे पडली. ती उचलून त्यांनी काकूंसाठी सरळ मांडली आणि भिंग हाताशी ठेवलं.