खातूचा भागाकार

आमच्या सोसायटीत खातू नावाचा एक गृहस्थ राहतो. तो माणसाला नावाने ओळखत नाही, अपूर्णांकाने ओळखतो. मी सकाळी जिना उतरायला लागलो की वरून हाक येते, "काय पाच पॉइंट दोन, निघालात का ऑफिसला?"

नवख्याला वाटतं, हा भूकंपाची तीव्रता सांगतोय. तसं नाही. माझं टोटल कोलेस्ट्रॉल दोनशे आठ, आणि त्यातलं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, चाळीस. दोनशे आठला चाळीसने भागा, पाच पॉइंट दोन. हा भागाकार खातूने चार वर्षांपूर्वी माझ्याच दारात उभं राहून, माझ्याच रिपोर्टवर, माझ्याच पेनने केला, आणि जाताना पेनही घेऊन गेला. तेव्हापासून त्याच्या लेखी मला आडनाव उरलेलं नाही.

खातूचं वय अडुसष्ट. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. वैद्यकशास्त्राशी संबंध एवढाच, की प्रथमोपचार पेटीची किल्ली त्याच्याकडे असायची. पण तेवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर त्याने आमच्या आख्ख्या कोपर गावातल्या हृदयांचा ताबा घेतला. मूलबाळ नाही, बायको सहा वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे वेळच वेळ. आणि रिकामा वेळ असलेल्या माणसाच्या हातात मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पडला की शेजाऱ्यांचं काही खरं नसतं.

त्याचा सिद्धान्त घंटागाडीचा. "कचरा किती, हा प्रश्नच नाही हो," तो म्हणायचा. "कचरा कुठे नाही? कचऱ्यामागे घंटागाड्या किती, ते बघा! एलडीएल हा कचरा टाकणारा. एचडीएल ही घंटागाडी. नुसता आकडा सांगू नका मला, भागाकार सांगा!" हे वाक्य मी जिन्यात, पिठाच्या गिरणीत, रिक्षाच्या रांगेत आणि एकदा सलूनमध्ये तोंडाला साबण असताना ऐकलंय. चारच्या खाली आलं तर खातू पाठीवर थाप मारणार. पाचच्या वर गेलं तर मान हलवून "जपा" म्हणणार. हे "जपा" तो अशा सुरात म्हणतो की माणसाने घरी जाऊन नॉमिनीचं नाव तपासावं.

सोसायटीच्या सत्यनारायणाला शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन तो प्रत्येकाच्या तुपाचा हिशेब मांडत उभा. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलेलो. खोलीत शांतता, आणि खातू त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतो, "बाबांचं एचडीएल किती होतं?" ते आजोबा ब्याण्णव वर्षांचे होते. बाथरूममध्ये पडून गेले होते.

"मूर्ख माणूस आहे," मी घरी येऊन मनीषाला म्हणालो. मनीषा माझी बायको. ती म्हणाली, "मूर्ख नाही, रिकामा आहे." मला दोन्हीत फारसा फरक दिसला नाही.

मग म्हात्र्यांचं झालं.

म्हात्रे म्हणजे आमच्या इमारतीची मूळ जमीन ज्यांची, ते. तळमजल्यावर राहतात. बावन्न वर्षांचा आडवातिडवा, दिलदार माणूस. दिवसाला एक पाकीट सिगारेट, साखर वाढलेली, ब्लड प्रेशर वाढलेलं, आणि वडील पन्नाशीत हार्टनेच गेलेले. त्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून बोलावलेलं, गोळ्या सुरू करू म्हणून. पण ते जाण्याआधीच तो रिपोर्ट खातूच्या हाती लागला. टोटल एकशे ऐंशी, एचडीएल पन्नास. खातूने भागलं. तीन पॉइंट सहा!

"म्हात्रे, जिंकलात!" खातू ओरडला. "घंटागाड्या भरपूर. निर्धास्त राहा."

पुढच्याच आठवड्यात म्हात्र्यांच्या पुतण्याची हळद होती, शीळफाट्याजवळच्या मैदानावर. सगळी सोसायटी गेलेली. मटणाच्या पातेल्यांची रांग आणि म्हात्रे स्वतः वाढायला. त्यांची बायको म्हणत होती, "अवो, डॉक्टरनी बोलावलंय ना, आधी जाऊन या." म्हात्रे हसले. "मना काय व्हयाचा नाय. खातूकाकांनी पास केलाय मना!" आणि खातू खुर्चीत बसून पास करणाऱ्या परीक्षकाच्या चेहऱ्याने मान डोलवत होता.

बरोबर सतरा दिवसांनी म्हात्रे भाजी आणायला निघाले आणि गेटजवळ छाती धरून खाली बसले. मी आणि वॉचमनने त्यांना रिक्षात घातलं. हार्ट अटॅक. दोन स्टेंट. वाचले, कारण हॉस्पिटल जवळ होतं. खातूचं त्यात काहीही श्रेय नाही.

तिसऱ्या दिवशी खातू भेटायला आला, तेव्हा मी तिथेच होतो. राउंडला आलेली डॉक्टर तिशीतली मुलगी होती. खातूने तिला विचारलं, "पण मॅडम, यांचा रेशो तर तीन पॉइंट सहा होता."

ती थांबली. "काका, रेशो ही एक खिडकी आहे. त्यातून घराचा एक कोपरा दिसतो. यांची शुगर, प्रेशर, सिगारेट, यांचे वडील, हे तुमच्या भागाकारात कुठे होतं? आणि रेशो चांगला असूनही एलडीएल जास्त असू शकतं. सगळं एकत्र बघायचं असतं. म्हणून तर आम्ही पेशंटला समोर बसवतो."

मला सांगायला लाज वाटत नाही, मला अतोनात आनंद झाला. चार वर्षं जे मला म्हणता आलं नव्हतं, ते तिने अर्ध्या मिनिटात म्हटलं. खातूचा चेहरा चुन्यासारखा झाला. म्हात्रे पलंगावरून म्हणाले, "जाऊ द्या काका. तुमचा भागाकार चुकला, पण मी शिल्लक रायलो ना!" सगळे हसले. खातू हसला नाही. त्याने म्हात्र्यांच्या पायाशी चुरगळलेली चादर नीट केली आणि निघून गेला.

त्यानंतर त्याची हाक बंद झाली. जिन्यात दिसला तर भिंतीकडे बघून जायचा. मी मनीषाला म्हणालो, "बरं झालं. एकदाचा गप्प बसला." एकदा तिने आमटी घेऊन वर जायचं म्हटलं, तेव्हा मीच तिला थांबवलेलं.

महिनाभराने माझ्या ऑफिसने पुन्हा तपासणी सांगितली. उपाशीपोटी मी स्टेशनसमोरच्या लॅबमध्ये गेलो. बाकावर खातू बसलेला. इस्त्रीचा शर्ट, हातात टोकन. मला बघून दचकला. तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला, तसा तो उठला आणि सरळ दाराकडे चालायला लागला.

रक्त घेणाऱ्या बाई वैतागून मला म्हणाल्या, "तुमच्या ओळखीचे आहेत का? चौथा दिवस आहे. रोज येतात, नंबर लागला की पळतात."

मी पायरीवर त्याला गाठलं. "काय हो खातू, तुमचा रेशो किती?"

हा प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि मला कळलं की इतक्या वर्षांत हे त्याला कोणीच विचारलेलं नाही. मी चेष्टेने विचारलेलं. तो मात्र रस्त्याकडे बघत म्हणाला, "माहीत नाही. कधी केलीच नाही टेस्ट."

"कधीच?"

"ही होती तेव्हा मागे लागायची. मी टाळायचो." त्याने हातातलं टोकन उलटंसुलटं केलं. "आता जिना चढताना दम लागतो. म्हात्र्यांचं झाल्यापासून झोप नाही. पण खराब निघाला तर? तुमचा पाच पॉइंट दोन निघाला त्या दिवशी वहिनी तुम्हाला काय बोलल्या, माझ्या घरापर्यंत ऐकू येत होतं. तेल बदललं, लोणचं बंद केलं, तुम्हाला चालायला काढलं. मी तो कागद घरी नेऊन कोणापुढे धरू?"

मी त्याचा दंड धरला आणि आत नेलं. सुई टोचताना तो डोळे मिटून बसलेला. माझा हात त्याने इतका घट्ट धरला होता की घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टोटल दोनशे बावन्न, एचडीएल बेचाळीस. भागाकार मी केला नाही, त्यानेही केला नाही. आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला समोर बसवलं, प्रेशर बघितलं, तेही वाढलेलं. ईसीजी काढला, आणखी एक तपासणी लिहून दिली, गोळ्या सुरू केल्या आणि खाण्यापिण्यावर बरंच बोलले.

घरी येऊन मी मनीषाला सगळं सांगितलं, पायरीवरचंसुद्धा. तिने गॅस बंद केला, पदर खोचला आणि रिपोर्ट माझ्या हातातून ओढून घेऊन वर गेली. मी मागोमाग.

खातूच्या स्वयंपाकघरात तिने थेट फळीला हात घातला. फरसाणाचे तीन डबे निघाले. एकात शेव, एकात खारी, एकात तळलेले काजू.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" ती कडाडली. "सगळ्या दुनियेच्या शिऱ्यात तूप शोधत फिरता, आणि घरात हे? दोनशे बावन्न? त्या म्हात्र्यांच्या बायकोने देव पाण्यात ठेवलेले, ते बघितलं नाहीत? उद्यापासून रात्रीचं जेवण आमच्याकडून येईल. मिळमिळीत असेल, पण गुपचूप खायचं. आणि सकाळी साडेसहाला यांच्याबरोबर चालायला निघायचं. ऐकू येतंय का?"

"हो," खातू म्हणाला. तो हात बांधून, मान खाली घालून उभा होता.

मनीषाने तिन्ही डबे काखेत मारले. आणखी दोन शब्द सुनावले, दाराशी आली आणि चपलेत पाय सरकवला.

"वहिनी, थांबा," खातू घाईघाईने म्हणाला. तो आतल्या खोलीत गेला, पलंगाखालची ट्रंक ओढल्याचा आवाज झाला, आणि ट्रंकेमागे लपवलेला, कोणालाही सात जन्मांत सापडला नसता असा चौथा डबा त्याने आणून तिच्यासमोर धरला.

"चकल्या आहेत," तो म्हणाला. "डालड्यातल्या."

मनीषाने त्याच्याकडे बघितलं. मग चप्पल काढली, आत येऊन खुर्ची ओढून बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.