सरलाबाईंची बडतर्फी आणि सोलांची मोहीम

श्री ग्रामदेव रवळनाथ समर्थ. विज्ञापना ऐसी जे, मौजे आडबंदर, किनारा मालवण, आचऱ्याचे अलीकडे, माड फार आणि अक्कल बेताची, येथील विद्यामंदिरी शके एकोणीसशे सात, क्रोधन नाम संवत्सरी जो घोर संग्राम जाहला, तो थोरांनी पुसिला, म्हणोन यथामति लिहितो. दोहों पक्षांकडील चहा प्यालो आहे, सबब न्यूनाधिक लिहिणार नाही.

राजमान्य राजश्री हरिश्चंद्र अप्पा हे शालेय समितीचे तहहयात अध्यक्ष, देवस्थानचे मानकरी आणि कोकमबागांचे धनी. यांनी वैशाखमासी रातांबे फोडून त्यांची सोले, ज्यांस घाटावर आमसुले म्हणती, ती शाळेचे पटांगणात वाळत घातली. कां की खाशांचे अंगण उताराचे, आणि पटांगण सरकारी खर्चाने सपाट केलेले. त्याच पटांगणी महाराष्ट्र दिनाचे कवायतीकरिता सरलाबाई तिरोडकर, सहायक शिक्षिका, सातवीची फौज लेझिमांनिशी घेऊन उतरल्या. बाईंनी आधी दोन वेळ निरोप धाडिला की सोले उचलावी. जबाब आला नाही. मग बाईंनी शिटी फुंकिली आणि फौजेने चाल केली, आणि धरणी लालेलाल जाहली, आणि वीरांचे पाय घोट्यापर्यंत रंगले, आणि शेवंती नामे कन्या तो लाल रंग पाहून मूर्च्छित पडली. मग बोट चाटून पाहिले, आंबट लागले, म्हणोन उठली. सोलांची कत्तल मोठी जाहली.

अप्पांस वर्तमान कळताच मस्तकी अग्नी पेटला. तुडवली सोले त्यांनी कुंपणाबाहेर फेकविली आणि समितीची मसलत भरविली. बाईंस काढावे, यावर एकमत जाहले. परंतु काढण्याची जोखीम कोण घेतो, यावर कोणी बोलेना. तेव्हा अप्पांनी तोड काढिली की देवास विचारावे. मग शिवा गुरवाकरवी रवळनाथाचे पाषाणास फुलांच्या पाकळ्या लावून कौल घेतला. पाकळी उजवी पडली. म्हणजे देवाची मंजुरी जाहली. दुसरे दिवशी बाईंचे हाती एका ओळीचे फर्मान पडले की उद्यापासून येऊ नये.

बाईंचे घरी मिळवते माणूस दुसरे नाही. आई काशीबाई, सत्तरीची, दम्याची. गावात शाळा एकच. ती सुटली तर नोकरीबरोबर गावही सुटणार. जून महिन्यात शाळेची घंटा होई, आणि बाई सवयीने लुगडे बदलून उंबऱ्याशी येत, आणि तेथेच बसत. 

मुख्याध्यापक गुरुदास मास्तर, शूर परंतु अंधारात शूर, यांनी वैशाखातच परसदारी येऊन कानी घातले होते की, बाई, खाजगी शाळांचा कायदा झाला आहे, कोल्हापुरी शाळा न्यायाधिकरण बसते, महिन्याचे आत अपील टाका, आणि माझे नाव कोठे घेऊ नका. बाईंनी अपील टाकिले. गावात हाहाकार उडाला. देवाचे निकालावर अपील! बाबली नामे वृद्ध म्हणाला की असे आजवर कोणा राक्षसानेही केले नाही.

मार्गशीर्षी तारीख पडली. आडबंदराहून पहाटे येष्टी एकच सुटते, सबब दोन्ही फौजा एकाच गाडीने निघाल्या. पुढे अप्पा, मागे बाई आणि काशीबाई, मध्ये एक कोंबड्यांची पाटी. फोंडाघाट लागला आणि वळणावळणावर अप्पांचे पोट बंड करू लागले. चेहरा पिवळा पडला, अध्यक्षपद डळमळले. तेव्हा काशीबाईंनी पदराची गाठ सोडून शत्रूचे हाती काही ठेविले.

"घे रे हरी, चघळ. तुझीच सोला. तू टाकलंस, मिया धुवन सुकयलंय."

अप्पांनी मान खाली घालून सोल तोंडात घातले आणि बंड मोडले. 

न्यायाधिकरणाचे हुजुरांनी पुसिले की बाईंवर आरोपपत्र दिले काय, चौकशी केली काय. अप्पांनी घरून शुद्ध मराठी पाठ करून आणिली होती, ती उंबऱ्यातच सांडली.

"साहेबानू, चौकशी झाली. देवान केली. आता देवाच्या वयर कोण?"

दरबारी हशा उठला. हुजूर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाईंस विचारिले की आपले काही म्हणणे. बाई उभ्या राहिल्या. 

"साहेब, देवाबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या गावात बांधाचा तंटा असला आणि कौल लावायचा, तर दोन्ही घरची माणसं देवापुढे उभी करतात. दोघांचं गाऱ्हाणं घालतात, मगच पाकळी लावतात. माझी पाकळी लावताना मला का नाही बोलावलं? अप्पांनी रवळनाथाला स्मरून सांगावं."

अप्पांचे वकिलाने कोट ओढला की काही बोलू नये. परंतु अप्पा सोलांविषयी लबाड असले, तरी देवाविषयी लबाड नव्हते. त्यांनी कोट सोडवून घेतला. मग म्हणाले,

"बोलवूक नाय तिका. ता चुकला. रवळनाथाचा नाव घेवन माका खोटा बोलूचा नाय."

तेव्हा हुजुरांचा हुकूम जाहला की, देवाचा निकाल तपासणे आमचे अखत्यारीत नाही, समितीचा आहे. ज्या माणसाची भाकरी काढून घेणे, त्याचे म्हणणे आधी ऐकणे, हा कायदा. ते येथे ऐकिले नाही. सबब बडतर्फी रद्द, बाईंस मागील पगारासह बहाल करावे. काशीबाईंस कायद्याच्या मराठीतला निकाल समजला नाही. लेकीचे डोळे पाहून समजला, आणि त्या बाकावर बसूनच ओक्साबोक्शी रडल्या.

पौषमासी बाई शाळेत दाखल जाहल्या. सातवीची फौज आता आठवीत होती; तिने वर्गात लेझीम वाजवून शिस्त पार धुळीस मिळविली, आणि बाईंनी तितका एक दिवस मिळू दिली. अप्पा देवळात गेले आणि शिवा गुरवाकरवी चुकल्यामाकल्याचे गाऱ्हाणे घातले. त्या वेळी बाईंस आधी बोलावणे धाडिले होते.

पुढील वैशाखी पुनः रातांबे पिकले. अप्पा सोलांची पाटी घेऊन शाळेवर आले. पटांगण मोकळे होते, पाटी जड होती, ऊन कडक होते. खासा वर्गाचे दाराशी थांबले आणि पाटी खाली न ठेविता म्हणाले,

"बाय, सोला घालू काय गो हयसर?"

"नको, अप्पा. पोरांका खेळूक दुसरी जागा नाय."

अप्पांनी पाटी सावरली. मग "बरा" म्हणाले आणि पाटी घेऊन परत आपले उताराचे अंगणी गेले.

येणेप्रमाणे आडबंदरची मोहीम फत्ते जाहली. सोले उतारावरून अद्यापि घरंगळतात आणि अप्पा ती वेचतात. परंतु त्या दिवशी अध्यक्षांनी आधी विचारिले, आणि नाही म्हटलेले ऐकिले, याची नोंद येथे कायम केली असे.